म्हातारीची कोरडी पेटी

होइ आन, पुराचा चौथा दिवस

आईला लामचा नमस्कार.

मी ठीक आहे. चटया विकायला आलो आणि लॉजच्या माळ्यावर अडकलो, एवढंच. भात एकवेळ मिळतो. तुझा खोकला कसा आहे?

मालकिणीच्या सासूनेही तुझ्यासारखी स्वतःसाठी शवपेटी करून ठेवलीय. काल तापाने फणफणलेल्या एका पाहुण्याला लॉजमधली माणसं त्या पेटीचीच होडी करून दवाखान्यात न्यायला निघाली. म्हातारी ओरडली, "भिजवून आणाल तर बघा! मला कोरडीच लागेल!" सगळे हसलो.

पेटी कोरडी परत आली. पाहुणा वाटेतच गेला.

तुझी पेटी मी माळ्यावर चढवली, ती चूकच झाली. हे पाणी तुझ्याकडेच येतंय. पत्र आणणाऱ्या होडीवाल्याकडून ती खाली काढून घे, खांबाला बांध. अपशकुन म्हणू नकोस, पाणी चढलं की तिच्यात बस.

नुसती बस, आई. आडवी होऊ नकोस.

तुझा लाम