सगळे नंबर दादाच्या नावावर

दि. ९ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग या खेपेला राहू दे. पाठ दुखते आहे आणि मनही नाही. इकडे सगळं ठीक, असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बरं आहे, नवा कारागीर काचा नीट बसवतो. वहिनीचा गुडघा कसा आहे?

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस. परवा वहिनीकडून तुझा निरोप मिळाला. तक्रार मागे घे, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला. दादा, चव्हाट्यावर मी काय नेलं? तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या मिठूने तुझ्यासाठी भाषण केलं. बोलताना अडखळणारी पोर, आरशासमोर घोकून घोकून भरल्या हॉलमध्ये उभी राहिली. कुणीतरी ते टिपलं, तिचं अडखळणं तालावर बसवलं, वर कुत्र्याचं भुंकणं जोडलं आणि अख्ख्या कॉलेजात फिरवलं. खोट्या नावाचं खातं, त्यावरून रोज नवी विटंबना. मुलं जिन्यात तिच्यासारखं बोलून दाखवायची. आता ती घरातसुद्धा बोटाने पाणी मागते. माझ्या हाताशी असता तो, तर कानशिलंच लाल केली असती.

तू धावत आलास, हे मान्य. तिचा फोन हातात घेतलास आणि "ही घाण पोरीच्या डोळ्यांसमोर नकोच" म्हणत सगळं पुसून टाकलंस. मेसेज, धमक्या, व्हिडिओ, सगळं. मी वर तुला चहा करून दिला. भाऊ असावा तर असा, असं शेजारणीला सांगितलं.

पुढे तक्रार द्यायला गेले, तर तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "अहो ताई, पुरावाच पुसलात. आता मी कुणाला धरू?" मिठूच्या मैत्रिणीने त्यातलं थोडं जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. मग बाईंनी कंपनीला लेखी विचारलं, हे खातं कोणत्या नंबरवर उघडलंय, आणि फोन कंपनीला, तो नंबर कुणाच्या नावावर आहे. कायद्यात तेवढी ताकद आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. मिठूचं नाव बाहेर फुटणार नाही, जबाब घ्यायला बाईच घरी येतील, याचीही सोय आहे. खेटे घालावे लागतात ते वेगळं. चपला झिजल्या माझ्या.

तुमचे बाळराजे त्या दिवसांत रोज इथे येऊन बसायचे. "आत्या, मी शोधून काढतो कोण आहे तो." बिस्किटांचा डबा रिकामा झाला, शोध काही लागला नाही.

हे इतकं लांबण लावते आहे, कारण पुढचं लिहायला हात होत नाही. कंपनीचं उत्तर आलं. तो नंबर तुझ्या नावावर आहे.

"हे गृहस्थ कोण?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, थोरला भाऊ. त्यांनी मिठूचा नंबर तपासला, तोही तुझ्याच नावावर. माझाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. काय सांगू त्यांना? आमच्याकडे कुणालाही सिमकार्ड हवं असलं की दादाच जातो, दादाचीच कागदपत्रं लागतात, कारण दादा सगळ्यांचं बघतो? कागदोपत्री तूच स्वतःला शिव्या घालत होतास.

तो नंबर माझ्या फोनमध्ये आहेच. दर वाढदिवसाला त्यावरूनच मला बाळराजांच्या शुभेच्छा येतात. गाढवाने खोटं नाव घेतलं आणि नंबर स्वतःचा दिला. तरीही मी तुझी बाजू घेत राहिले. म्हटलं, दादाला काय कल्पना.

मग काल मिठूचा जबाब झाला. ती अडखळली की मी सवयीने तिचं वाक्य पुरं करायला जायची. बाईंनी मला हाताने थांबवलं. "तिला बोलू द्या." लागायचा तेवढा वेळ लागला. तिने सांगितलं की पहिला व्हिडिओ फक्त तिलाच आला होता, न कापलेला. त्यात व्हिडिओ काढणाऱ्याला दटावणारा वहिनीचा आवाज होता, "राजा, पाय खाली घे." तू तो तिच्या शेजारी बसून पाहिलास. शेवटपर्यंत. आणि मग पुसलास.

ती तेव्हापासून गप्प आहे, दादा. कॉलेजातल्या टवाळांमुळे, असं मी धरून चालले होते. तिला वाटलं, मामानेच पुसलं म्हणजे याबद्दल बोलायचं नसतं. मला, तिच्या आईलासुद्धा, सांगायचं नसतं. हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

तुझ्या नावाने नोटीस निघाली आहे. त्यात एवढंच विचारलंय, हा नंबर कोण वापरतं. वीस वर्षांचा घोडा आहे तो, कुक्कुलं बाळ नाही. तू "मीच वापरतो" म्हणशील, मला भीती त्याचीच आहे. सगळ्यांचं अंगावर घ्यायची तुला सवय. तसं केलंस तर बाळराजे सुटतील आणि मिठूला मामाने दुसऱ्यांदा पुसलेलं असेल.

तक्रार मी मागे घेणार नाही. वहिनीला रडू दे, मीही रडले आहे.

सोबत दोन अर्ज पाठवते आहे, माझा आणि मिठूचा नंबर आमच्या नावावर करण्याचे. दोन्हींवर तुझी सही लागते. ती कर. मग नोटिशीला उत्तर लिही, आणि त्यात ज्याचं नाव लिहायचं त्याचं लिही.

ते लिहीपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस.

मिठूची आई