आवडीचं सूतक

कुडपण, २० जानेवारी २०२५

दादास सेजलचा सा. न. वि. वि.

तुझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून हे पत्र. संक्रांतीला तू मुंबईहून आलास, मी म्हशीचं दूध काढायला गोठ्यात गेले आणि तेवढ्यात माझ्या फोनवरच्या खेळातली आवडी तू मारलीस. त्या खेळात मेलेलं माणूस परत येत नाही, हे तुला आधीच सांगितलं होतं. पावसाळ्यापासून मी तिला वाढवत होते. लांडग्याने कान तोडला तेव्हा औषधासाठी तलवार विकली, मग तिला धनुष्य शिकवलं. ती अंधाराला घाबरायची, म्हणून गुहेत कधी नेली नाही. तू नेलीस, वर हसलास. मला रडू आलं ते तुला दिसलंही नाही. हे मी सोडणार नाही.

आईने नाचणीचं पीठ पाठवलंय. मी दिलं नसतं.

लोभ सध्या आटला आहे.
सेजल

मुंबई, २ फेब्रुवारी

चि. सेजल हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इथल्या गावकीच्या खोलीत एकत्र राहणारी सगळी पोरं हसली. अगं, चित्र होतं ते! नवी बनव, हवं तर नाव रंगूबाई ठेव. आता आनंदाची बातमी: शिमग्याला पालखीचा पुढचा खांदा गावकीने मला दिला. बाबा गेल्यापासून आपल्या घराला पहिल्यांदाच. सदरा शिवायला टाकलाय. राग सोड गो बाय.

आटलेल्या लोभाला पुन्हा पाणी येवो.
दीपेश

मुंबई, ६ मार्च

चि. सेजल हिस अ. उ. आ.

तुझं कार्ड खोलीवर आलं. मयताच्या पत्रासारखं वर श्री नाही आणि पहिलीच ओळ, आपल्या घरातली आवडी गेली. खोलीवरचे गावकीचे वडीलधारे दत्तारामकाका, त्यांनी तेवढंच वाचलं, रिवाजाप्रमाणे कार्ड बाहेर नेऊन फाडलं आणि मला अंघोळीला पिटाळलं. ती मोबाईलमधली, असं मी घसा फोडून सांगितलं. काका म्हणाले, सुतकाची नुसती शंका असली तरी देवाला हात लावायचा नाय. गावालाही त्यांनी फोन केलाय. कार्ड तुझ्या हातचं, म्हणून आईचंही कुणी धरणार नाही; तूच गावकीपुढे जाऊन खरं सांग. बाबांचा खांदा आहे तो. चुकलं माझं, धाकट्या बहिणीच्या पाया पडतो.

उत्तराची वाट बघणारा,
दीपेश

कुडपण, १७ मार्च

दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. चुलीत घातलं. खोटं मी लिहिलं नव्हतं, कार्डाच्या दुसऱ्याच ओळीत ‘मोबाईलमधली’ असं स्वच्छ होतं. काका पहिल्या ओळीलाच उठणार, हे मला ठाऊक होतं.

पुढचा खांदा तुझ्याऐवजी वाडीतल्या कुशाबाच्या सुधीरने धरला. तू नवा सदरा घालून लांब बांधावर उभा होतास, डोळे पुसताना पाहिलं मी. मान फिरवली नाही, पोटभर पाहिलं.

पण सूतक अख्ख्या घराला लागतं, हे रागात माझ्या डोक्यातच आलं नाही. पालखी आपल्या दारात थांबली नाही. आई ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिचं मला फार वाईट वाटतं. तुझं नाही.

तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता फिटलं, भावाशी बोल. मी नाही म्हटलं. तुझा खांदा तुला पुढच्या शिमग्याला मिळेल, काका तसं बोललेत. आवडी कुठल्याच शिमग्याला येणार नाही.

पुढच्या वर्षी कार्ड टाकायचं की नाही, ते अजून ठरवलं नाही. तब्येतीला जप.

तुझीच बहीण,
सेजल