दवाचं दुखणं

मी, सरला रामचंद्र म्हात्रे, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र सांगते आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण सोसेल असे हाडच अंगात उरलेले नाही. बोटे वाकडी झाल्याने पेन धरवत नाही, म्हणून शब्द माझे आणि अक्षर शेजारच्या पॉलिनचे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाडीच्या कामात मरायलाही फुरसत नव्हती.

माझे पती हयात नाहीत. मुलगा निमिष विरारला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी हेमांगी माझ्यापाशी आहे. तिने लग्न केले नाही, नोकरी सोडली आणि माझे हागणे-मुतणे काढते. त्याची भरपाई कुठल्याही कलमात बसत नाही, हे मला कळते.

कलम १. राहते घर हेमांगीला. वाडी, विहीर आणि पंप निमिषला. मोगरा आणि कागडा उपटून केळीच लावू, "त्या फुलांनीच आईला खाल्लं," असे निमिष म्हणतो. तसे करू नये. पहाटे दवात हात घालून कळ्या खुडणाऱ्या आम्हा बायकांची बोटे आखडली की त्याला सगळे दवाचं दुखणं म्हणत. माझी बोटे पहिल्यांदा सुजली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दव लागला गो, दुसरा काय? पानी ऊन कर नि हात बुडव." त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही त्यांच्या सासूने तेच सांगितले असणार. पण दव उन्हाबरोबर जाते, माझी सूज गेली नाही. तो आमवात होता, आणि रक्त तपासले असते तर तेव्हाच कळला असता. फुलांचा त्यात काही दोष नाही.

कलम २. यात द्यायचे काही नाही, राग आहे तो नोंदवते. त्या दिवसांत गावातल्या एका मेडिकलवाल्याने मला चिमुकली पांढरी गोळी दिली. डॉक्टरची चिठ्ठी नाही की तपासणी नाही. दुसऱ्याच दिवशी मी टोपली भरून कळ्या खुडल्या. मग वर्षानुवर्षे तीच गोळी. तोंड गोल झाले तेव्हा लग्नकार्यात बायका म्हणायच्या, "सरला, सुधारलीस गो!" मलाही ते खरे वाटायचे. पुढे डॉ. प्रितेश यांनी सांगितले, "काकी, हा आजार स्वतःच हाडं पोखरतो, आणि या स्टेरॉइडच्या गोळीने त्यात भर घातली." तोवर मणके दबून मी एवढी बुटकी झाले होते की साडी कमरेला दुमडून नेसावी लागे. खुबा तर पाटावरून उठताना मोडला. पडले म्हणून मोडला नाही, मोडला म्हणून पडले. सदर मेडिकलवाल्याने माझ्या अंत्ययात्रेला खुशाल यावे, खांदा मात्र देऊ नये.

कलम ३. मनगटे सुजल्यावर माझ्या पाटल्या सोनाराला घरी बोलावून कापाव्या लागल्या. ते तुकडे आणि बँकेतली ठेव हेमांगीची. पाटल्या जोडून हातात घालू नयेत, विकाव्यात. लक्षण दिसल्यास हेमांगीने या पैशातून सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे जावे, रक्त तपासावे, हाडांची घनता मोजून घ्यावी. कुठलीही गोळी आपल्या मनाने घेऊ नये आणि मनाने बंदही करू नये. माझ्या तेराव्याचे जेवण यातून घालू नये. गावाने माझ्याकडे पुष्कळ जेवून घेतले आहे.

"लक्षण दिसल्यास" हे शब्द तिच्या हट्टामुळे घातले. हल्ली ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. सकाळी केसांची वेणी घालत नाही, नुसता चाप लावते. विचारले की म्हणते, "काही नाही गं आई. तू टेन्शन नको घेऊस." मी तिच्या हाताकडे पाहिले की ती दूध उतू गेल्यासारखी स्वयंपाकघरात पळते. मला माझ्या मरणाची भीती वाटत नाही, त्या हातांची वाटते. देवळात नवस बोलायचे मी सोडून दिले. माझ्या वेळी कोणी ऐकले होते?

कलम ४. माझा वॉकर आणि उंच खुर्ची पॉलिनच्या चर्चमधल्या आजारी माणसांसाठी द्यावी, सुतक फिटायचीही वाट पाहू नये. त्या वस्तू हेमांगीच्या घरात नकोत. कळ्यांची टोपली तिला हवी असल्यास ठेवावी.

कलम ५. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मला अग्नी निमिषने द्यावा, परंतु अस्थी वेचायला हेमांगीने जावे. कोणी आडवे आल्यास हा कागद दाखवावा. वेचण्यासारखे फार नसेल. जे हाती येईल ते तिने बोटांनी दाबून पाहावे, मग राजोडीच्या समुद्रात सोडावे. जिवंतपणी तपासून घे म्हटले ते ऐकले नाही, निदान तेव्हा तरी तिला पटेल.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते मला मान्य आहे.

सरला रामचंद्र म्हात्रे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. पॉलिन फर्डिनंड लोपीस, निर्मळ (सही)
२. डॉ. प्रितेश पाटील, वसई (सही). बाई पूर्ण शुद्धीवर असून त्यांना सर्व समजते, असे मी तपासून लिहितो.

स्थळ: निर्मळ. दिनांक: १४ मे २०२५.

ताजा कलम, त्याच साक्षीदारांसमोर: अंगठ्यासाठी आणलेल्या शाईच्या डबीचे झाकण हेमांगीला उघडेना. तिने दाताने ओढून पाहिले. शेवटी पॉलिनने उघडले. डॉक्टर तिच्या बोटांकडे पाहत होते. ती हात पाठीमागे नेत म्हणाली, "दव लागलंय."

वैशाखातली भर दुपार होती. कलम ३ मधले "लक्षण दिसल्यास" हे शब्द मी खोडायला लावले आहेत. खोडलेल्या जागी पुन्हा माझा अंगठा घ्यावा.