न लपणारे बारा

३ ऑक्टो. ०४, रवि.
स्टेट कॉलेज गावात थंडी सुरू. सासूबाईंना (यापुढे सा.बा.) येऊन तीन आठवडे झाले. फोनवर जर्सी सिटीच्या बहिणीला सांगत होत्या, ‘‘जावई युनिव्हर्सिटीत असतात.’’ तिथे काय करतात, ते गाळलं. ‘जंत’ म्हणायला जीभ रेटत नाही. बायको, मृणाल, खो खो हसली. मी नाही हसलो.

९ ऑक्टो., शनि.
मृणालला आजही ऑफिस, म्हणून सा.बां.ना बसने लॅबमध्ये नेलं. ओढ्यातले किडे दाखवले, तांदळापेक्षा जरा मोठे. सांगितलं, यांच्या अंगात अकॅन्थोसेफॅलसचं, म्हणजे काटेरी डोक्याच्या जंताचं पिल्लू वाढतं. मग काळा किडा फिकट पडतो, लपणं सोडतो, मासा त्याला खातो, आणि जंत माशाच्या आतड्यात काटे रुतवून आयुष्यभर आयतं खातो.
‘‘म्हणजे घरजावईच की!’’
टोमणा वाटला. बहुधा नव्हता.

१४ ऑक्टो., गुरु.
माझा प्रश्न एवढाच: फिकट पडायच्या आधीच किडा उघड्यावर येतो का? गाइडना पटत नाही. आणि काळ्या किड्यांत जंतवाले कुठले, ते मला बाहेरून ओळखू येत नाही.
सा.बा. आज आपणहून आल्या. चष्मा चढवला, ट्रे पुढ्यात ओढला, तांदूळ निवडावेत तसे पाच काळे चमच्याने बाजूला काढले. ‘‘हे पानाखाली जातच नाहीत हो. दोनदा ढकलून पाहिले.’’
त्या घरी गेल्यावर पाचही उघडले. चारांत जंत! न निवडलेले पाच उघडले, एकातही नाही. उडालोच.

२० ऑक्टो., बुध.
सा.बां.नी आणखी बारा काढून दिले, वेगळ्या ट्रेत ठेवले. मग सहज विचारलं, ‘‘त्या पाचांचं काय केलंत?’’
उघडायचे म्हणजे मारायचे, हे त्यांना आज कळलं. ‘‘मी निवडून दिले आणि तुम्ही...’’
या बारांना हात लावणार नाही, असा शब्द देऊन बसलो. जेवताना तूप मात्र रोजच्याइतकंच वाढलं. बरं वाटलं.

२७ ऑक्टो., बुध.
परवा गाइडबरोबर मीटिंग. बाराही जिवंत, काळे, पानांवर बसलेले. मृणाल म्हणते, ‘‘उघड ना यार, आईला कुठे कळणारय?’’ नाही. सा.बा. काल बहिणीकडे गेल्या, तिथूनच विमान. घर सुनंसुनं वाटतं. हे मी लिहितोय!

२८ ऑक्टो., गुरु.
सकाळी सा.बां.चा फोन.
‘‘ते बारा आहेत ना?’’
आहेत म्हटलं.
‘‘परवापासून हिला तुमच्या जंताचंच सांगतेय. डोक्यावरच्या काट्यांसकट.’’ मग म्हणाल्या, ‘‘उघडा. पण सहाच. बाकीचे ओढ्यात सोडा. आणि माझं चुकलं असलं तर तसं सांगा, उगाच गोड बोलू नका.’’
‘‘कुठले सहा, आई?’’
‘‘ते आता तुम्ही निवडा.’’
अर्धा तास ट्रेपुढे बसलोय. चष्मा दोनदा पुसला. बाराही सारखेच दिसतात.