माझ्या गुडघ्यापायी बंद पडलेल्या गोष्टी

मेडशी
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

तीर्थरूप उकंडमामा यांस,

योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. मागच्या पत्रातही हा शब्द सवयीने लिहिला होता, पण तो खोटा होता. साष्टांगाला गुडघे धरून आठ अंगं लागतात आणि माझी तेव्हा सातच चालू होती. या खेपेला आठही हजर आहेत. उजवा गुडघा आता टाच बुडाला लागेपर्यंत वाकतो (आत्यासमोर वाकवून दाखवलाय, तिने हात लावून खात्री केली), तेव्हा नमस्कार पुरता धरावा आणि आशीर्वादही पुरता द्यावा.

तुमची तब्येत कशी आहे? मामींची कंबर काय म्हणते? तुमच्याकडे सोयाबीनला शेंगा धरल्या असतीलच, आमच्याकडे धरल्यात. शिरपूर काही विलायतेत नाही, एसटीने माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत पोचतो आणि पत्राला चार दिवस लागतात, हे मला माहीत आहे. तरी पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर आपल्या दोघांची बोलायची सोय राहिलेली नाही. इकडे आई फोन स्पीकरवर टाकते, तिकडे मामी टाकतात, मग त्या दोघीच बोलायला लागतात आणि आपण दोघं दोन टोकांना गप्प बसून ऐकतो. मागच्या वेळी पाऊण तास ऐकलं. आपल्या वाट्याला 'बरं, ठेवू का?' एवढंच आलं.

तुमचं शेवटचं विचारणं होतं की गुडघ्याचं कुठवर आलं. ते आता सगळंच सांगते. सुरुवात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. गेल्या सप्टेंबरात वाशीमला फुटबॉलच्या मैदानावर मी चेंडू अडवायला वळले, पाय जमिनीत रुतून राहिला आणि बाकीची मी वळले. तुम्ही छत्री घेऊन मैदानात धावत आलात आणि पंचांनी माझ्याआधी तुम्हालाच बाहेर काढलं. (भागवत सर अजून मुलींना सांगतात की, आपल्या संघातून मैदानाबाहेर काढलेला एकमेव माणूस आपल्या संघातला नव्हता.) त्यानंतरचे तीन आठवडे मी एका हाड बसवणाऱ्याच्या हाती होते. त्याने हाड बसवलं. हाड मुळात हललंच नव्हतं, पण त्याने बसवलं, वर कसलासा हिरवा लेप लावला आणि म्हशीला लावतात तसल्या फळकुटाने पाय बांधला. सूज उतरेना तेव्हा अकोल्याला नेलं. तिथे कळलं की हाड ठीक आहे, गुडघ्याच्या आतली दोरी तुटली आहे. डॉक्टरांनी मांडीतली एक शीर काढून तिची नवी दोरी केली आणि आत बसवली. हे ऐकून भुरीआत्याने विचारलं की मांडीतलं काढून गुडघ्यात घातलं, ते समजलं, पण मग मांडीत काय घातलं? डॉक्टर म्हणाले, काही नाही. तेव्हापासून आत्याचा त्या डॉक्टरांवर विश्वास नाही. माझ्या मांडीत एक जागा रिकामी आहे असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. ऑपरेशनला निघायच्या सकाळी सगळे गावच्या मारुतीला गेलो. आपल्या घरात नवस एकट्याने बोलायची पद्धत नाही, हे तुम्ही जाणताच. बाबा हात जोडून म्हणाले, "पोट्टी मैदानात खेळेस्तोवर माहा खर्रा बंद." बाबांनी तंबाखू सोडलेली ऐकल्यावर आईला मागे राहणं शक्य नव्हतं. तिने चहा सोडला. आत्याने कारलं सोडलं. आईने तिथल्या तिथे, मारुतीदेखत, आठवण करून दिली की कारलं तू लग्नाच्या आधीपासून खात नाहीस. मग आत्याने नाइलाजाने संध्याकाळची मालिका सोडली. तुम्ही शिरपूरहून फोनवर मिरची सोडलीत (स्पीकर चालू होता, म्हणून मारुतीनेही ऐकलं). वऱ्हाडातल्या माणसाने मिरची सोडायची म्हणजे जेवणच सोडल्यासारखं, हे मला कळतं आणि त्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते पुढे लिहिते. तर असे चार नवस झाले. मुदत किती लागेल हे आधी विचारून घ्यावं, असं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले ते दुसऱ्या दिवशी. बाबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नऊच आले.

मामा, तुम्ही लांब आहात म्हणून वाचलात. खर्र्याशिवायचे बाबा, चहाशिवायची आई आणि मालिकेत त्या सुनेचं पुढे काय झालं हे माहीत नसलेली आत्या, असे तिघं एका छपराखाली आणि त्यांच्यामध्ये मी पाय पसरून बसलेली. बाबांनी पहिल्या महिन्यात दोन सालगडी, एक फवारणीचा पंप आणि शेजारचे सरपंच यांच्याशी भांडण केलं. आई सकाळी दुसऱ्यांसाठी चहा ठेवायची आणि गाळताना तोंड फिरवायची. रोज सकाळी बाबा माझ्या खाटेशी येऊन विचारायचे, "आज कसं वाटून राह्यलं?" मी ठीक म्हटलं की ते गुडघ्याकडे बघायचे. माझ्याकडे नाही, गुडघ्याकडे. पाचव्या महिन्यात आत्याने तोड काढली की पोरीला नुसतं मैदानात नेऊन उभं करा, एक लाथ मारू द्या, मारुतीला कुठे एवढं कळतं. बाबांचाही चेहरा क्षणभर उजळला होता. पण मग तेच म्हणाले की दुसरा कोणता देव असता तर जमलं असतं, मारुती स्वतः पैलवान आहे, त्याला खेळातलं कळतं.

व्यायाम शिकवायला अकोल्याच्या रीता मॅडम होत्या. पायाला दोन किलो वजन बांधून रोज साठ वेळा उचलायचं, असं त्यांनी सांगितलं. वजन घरचंच करू म्हणून आईने तुरीच्या डाळीची दोन किलोची पिशवी शिवली. पहिला आठवडा डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या आठवड्यात सोपं गेलं. तिसऱ्यात तर मी ऐंशी वेळा उचलू लागले आणि रीता मॅडमना फोन करून अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, तीन किलो करा. पिशवी काट्यावर ठेवली तर सव्वा किलो भरली. आईला विचारलं. ती म्हणाली की पाहुणे आले की वरचा डबा काढायचा कंटाळा येतो, पिशवी हाताशी असते. म्हणजे तीन आठवडे मी जो अशक्तपणा घालवत होते तो वरणातून गावभर गेला होता. मॅडमना खरं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, फक्त वहीत काहीतरी खोडल्याचा आवाज आला. पुढे पिशवीत वाळू भरली.

त्यानंतर एका पायावर उभं राहायचा व्यायाम आला. दुमडलेल्या गोधडीवर, डोळे मिटून, अर्धा अर्धा मिनिट. हे मी ओसरीत करत असे आणि रस्त्यावरून जाणारी बायामाणसं थांबून बघत. दोघींनी बाहेरूनच हात जोडले. एकीने आत्याला विचारलं की पोरगी कोणत्या देवाचं करते आहे. आत्या म्हणाली, अकोल्याच्या. तिथून पुढे धावणं आलं, मग वळणं, मग उड्या. प्रत्येक पायरीला मी पुढच्या पायरीची घाई करायची आणि मॅडम सांगायच्या की घाईने दोरी परत तुटली तर पुन्हा पहिल्यापासून नऊ महिने. हे मी घरी येऊन सांगितलं की त्या दिवशी मला कुणी झाडूसुद्धा हातात धरू देत नसे.

परवाची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी खांदशेकणी केली. बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून झाले, वाटीत थोडं उरलं. बाबा ती वाटी घेऊन ओसरीत आले, माझ्यापुढे उकिडवे बसले आणि उरलेलं तूप-हळद माझ्या गुडघ्याला चोळू लागले. वर्षभर नांगर ओढलेल्या खांद्याला चोळतात तसं, अंगठा दाबून. आणि चोळता चोळता बैलांना म्हणायचं ते सवयीने बोलून गेले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते वाटी धुवायला निघून गेले. मी खूप हसले. हसून झाल्यावर रडले, तेही लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी बैलांबरोबर मला पहिली पुरणपोळी मिळाली.

तर सध्या असं आहे. पाय जाग्यावर आहे, चालते, धावते, जिना दोन पायऱ्या सोडून चढते. खेळायची परवानगी मात्र अजून आलेली नाही. कधी येईल, ते रीता मॅडम आणि मारुती जाणोत. सगळ्यांना धीर धरायला सांगते आहे. तुम्हीही धरावा. मामींना नमस्कार, लहानांना पापे, बैलांना पाठीवर थाप.

तुमची लाडकी भाची,
योगिनी

ता. क. हा कागद वेगळा आहे. वरचा मामींना वाचायला द्या, हा देऊ नका.

मामा, परवानगी येऊन आज सव्वीस दिवस झाले. एका पायावर उडी मारून मोजतात, त्यात उजवा पाय डाव्याच्या जवळजवळ बरोबरीने आला. मॅडमनी कागदावर लिहून दिलं, 'खेळू शकते', खाली सही. तो कागद मी भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरात घातला आणि घरी येऊन सांगितलं की अजून थोडं थांबा म्हणाल्या. का, ते सांगते. गुडघा तयार आहे, पण समोरून कुणी चेंडू घेऊन आलं की माझा पाय आपोआप मागे येतो. मी पुढे टाक म्हणते, तो मागे येतो. सरावात असं चारदा झालं. भागवत सरांनी पाहिलं. मला भीती वाटते, मामा. परत ते तीन आठवडे, परत ती खाट. घरात सांगितलं की सगळे टाळ्या वाजवत मैदानावर येतील आणि मी पाय मागे घेतला की बाबांचा खर्रा, आईचा चहा, आत्याची सून, सगळं माझ्या डोळ्यांपुढे येईल. मला निदान पहिल्यांदा तरी कुणाच्या चहासाठी खेळायचं नाही. तुमची मिरची मी विनाकारण सव्वीस दिवस अडवून ठेवली आहे, त्याची माफी मागते. वाटलं तर आजच खा, मी मारुतीला समजावते.

दुसरी ता. क. आता खरं काम. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाला वाशीमला सामना आहे. सरांनी यादीत माझं नाव घातलंय. घरी मी बघायला जाते म्हणून सांगितलंय. तुम्ही या. पहिल्या अर्ध्यात मी उजव्या कडेला असेन, तिथे रेषेच्या बाहेर उभे राहा. तुम्हाला ऑफसाइड कळत नाही, कॉर्नर कशाला म्हणतात ते कळत नाही, त्यामुळे तुमच्यासमोर चुकले तरी मला लाज वाटणार नाही. छत्री आणलीत तरी चालेल, पण रेषेच्या बाहेर.

तिसरी ता. क. पाकीट बाबांजवळ देते आहे, ते मालेगावला चालले आहेत. पोस्टात चिकटवून टाकतील.

*

उकंडराव, राम राम. मी इंद्रभान लिहून राह्यलो. पोस्टात खळ नव्हती म्हून पाकीट तसंच हाती राह्यलं अन् स्टँडवर बसून वाचलं. चूक झाली. पोट्टीले सांगू नका.

मॅडमनं तिले कागद देल्ला त्याच दिवशी मले फोन केला होता. दवाखान्यात नंबर माहाच लिहेल आहे. तुमच्या बहिनीले, पंचफुलालेही म्हाईत आहे, भुरीलेही म्हाईत आहे. मॅडम म्हने, गुडघा बरा झाला, पन भेव निघाले टाइम लागते, तिच्या मांगं लागू नका. म्हून आमी काई बोललो नाही. रोज सकाळी इचारतो ते याच्यासाठी, का इचारनं एकदम बंद केलं तं तिले समजन. खर्र्याबिगर राहाची आता सवय झाली, त्याचा काई इचार करू नका.

तुमी रविवारी नक्की जा. ती म्हनते तिथंच उभे राहा. आमी येत नाही. पंचफुला म्हने लांबून पाहू, म्या नाही म्हनलं. खेळली तं देव पावला. नाही खेळली तं तिले काई बोलू नका, चांगलं खाऊ घाला अन् एसटीत बसवून देजा. आमी सोमवारी पुन्हा इचारू.