सलीमचा चॉक

१ नोव्हेंबर १९९९, सोमवार
थंडी पडायची आहे, पण सकाळी उजवा हात गार होता. चोळला, बरा झाला. सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊया का?" मी म्हणालो, पंख्याचा वारा लागला. पंखा बंद होता. तिने बघितलं असणार.

पूल पार्लरमध्ये मालक भाटियांनी क्यूला लावायच्या चॉकचे तीन डबे पुढे ठेवले. दिवाळी झाली की वर्षभराचा चॉक एकदम मागवायचाय. पूलची चार लहान टेबलं आणि लिलावात घेतलेलं बिलियर्डचं एक मोठं. म्हणाले, "अंकल जी, मैं तो कपड़े का आदमी हूँ, सरोजिनी नगर में सूट बेचे हैं. ये आप देखो. जो आप बोलोगे वही आएगा."

निळा अमेरिकन. हिरवा विलायती, माझ्या जुन्या नोकरीतल्या क्लबात होता तसला. तिसरा डबा साध्या पुठ्ठ्याचा, त्यावर पेनाने नाव. सलीमचा. त्याने भाटियांना परस्पर नमुना दिला, मला बोलला नाही. मला भीड पडू नये म्हणून असेल. त्याचा स्वभावच तसा.

क्लबाने बिलियर्डची खोली तोडून जिम केली तेव्हा माझं रिटायरमेंटचं वय झालंच होतं. सलीम, तिथला माझ्या हाताखालचा, बावन्नचा. त्याला कोण ठेवणार? आता उत्तमनगरला घरीच चॉक बनवतो. बायको, मुलगी, सगळी त्यातच.

३ नोव्हें., बुध.
नुसते हाताने बघितले, अजून मारून नाही.

निळा: कडक. नखावर घासला की पातळ थर बसतो, फुंकलं तरी जात नाही. पण हिरव्या कापडावर निळे डाग पडतात आणि ब्रशने निघत नाहीत. मोठ्या टेबलाला वाईट.

हिरवा: मऊ, पीठ फार. डाग नाही दिसत. क्यूच्या टिपेवर, टोकाच्या चामड्यावर, जाड बसतो, मग दोन फटक्यांत उडून जातो. इथे दिल्लीच्या द्वारकेत सगळीकडे बांधकाम, ती धूळ यात मिसळली की बॉल मध्येच किंचित उडी घेतो. मुलं म्हणतात टेबल खराब. टेबल खराब नाही.

सलीमचा: हिरवाच, जरा काळपट. वास डिंकाचा. कोपरे सारखे नाहीत, हाताने कापलेत. नखावर चांगला बसला. मला आवडला. तरी मारल्याशिवाय काही खरं नाही. सलीम माझा माणूस, म्हणून जास्तच कडक बघायला हवा.

मुलं चॉक धरून टिपेवर गोल गोल फिरवतात, चॉकच्या ठोंब्यात भोक पाडतात. रोज सांगतो, ब्रश मारल्यासारखा लावा. "अच्छा अंकल." पुन्हा भोक.

४ नोव्हें., गुरु.
आज मारून बघितले. आमची जुनी रीत. मोठं टेबल, प्रत्येक चॉकचे वीस फटके, प्रत्येक फटक्याला नवा चॉक लावायचा, बॉलच्या अगदी कडेला मारायचं. मधोमध मारलं तर कुठलाही चॉक चालतो. कडेलाच कळतं. टिप किती वेळा घसरली ते मोजायचं.

निळा: २ घसरल्या.
हिरवा: ५.
सलीमचा: ११.

मध्ये थांबलो नाही. भाटिया काउंटरवरून बघत होते. अकराव्याला बॉल उडून जमिनीवर पडला, दोन मुलं हसली. भाटिया म्हणाले, "ये तो गया अंकल जी." मी म्हणालो, "हाँ, ये नहीं चलेगा." लगेच म्हणालो. जरा थांबायला हवं होतं का? पण अकरा म्हणजे अकरा.

मी शिफारस केली: लहान टेबलांना निळा, मोठ्याला हिरवा.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. सलीमने असला माल केला कसा? त्याला शिकवलं ते मीच.

५ नोव्हें., शुक्र.
सलीम स्वतः आला डबा न्यायला. स्वच्छ सदरा घालून. भाटियांनी सांगायचं ते माझ्यावर टाकलं आणि फोनवर बोलत बसले.

मी आकडा सांगितला.
"अकरा? दत्तूभाऊ, वीसमध्ये अकरा?"
"मी स्वतः मारले."
"तुम्ही मारले म्हणजे झालंच की. तिथे मी काय बोलणार?" मग हसला. "क्लबात वर्मासाहेबांचा क्यू पण कधी अकरा वेळा घसरला नाही, आणि ते तर पिऊन खेळायचे."
मी पण हसलो. हसू आलं नव्हतं.

जाताना विचारलं, कडेलाच मारले ना? हो म्हणालो. मान हलवली आणि डबा काखेत घालून जिन्याने गेला. एक ठोंबा मोठ्या टेबलाच्या काठावर राहिला. हाक मारणार होतो, तोवर गेला.

त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

८ नोव्हें., सोम.
पाडवा. दर दिवाळीला सलीम सहकुटुंब फराळाला येतो, पंचवीस वर्षं तरी झाली. चकल्या त्याच्या मुलीला आवडतात म्हणून सून जास्त करते. काल आला नाही. आजही नाही. मुलगा विजय म्हणाला, "बाबा, फोन करा ना, उगाच काय." विजयला कारण माहीत नाही.

फोन केला नाही. हातात रिसीव्हर घेतला होता.

११ नोव्हें., गुरु.
आज वाईट झालं. की चांगलं?

गिलसाहेब रोज अकराला येतात, बँकेतून रिटायर झालेले, मोठ्या टेबलावर एकटेच खेळतात. चांगला हात आहे. तासभर खेळून मला बोलावलं. "मराठा साहब, ये चॉक कहाँ से आया? एक बार भी नहीं फिसला. और मँगवाओ यार." हातात सलीमचा ठोंबा. तो काठावर राहिलेला.

मी म्हणालो, तो खराब माल आहे. ते म्हणाले, "खराब? अरे तीन दिन से इसी से खेल रहा हूँ."

तीन दिवस. आणि एकदा पण नाही.

मग माझे अकरा कसे?

१२ नोव्हें., शुक्र.
सकाळी दहाला, पार्लर उघडायच्या आधी गेलो. किल्ली माझ्याकडे असते. परत मारले, पण क्रम उलटा. सलीमचा आधी, मग हिरवा, निळा शेवटी.

सलीमचा: ३.
हिरवा: ६.
निळा: १२.

खुर्चीवर बसलो. पाऊण तास नुसता बसलो. मग निळ्याचेच परत वीस मारले: २.

चॉक तोच. टेबल तेच. साठ फटक्यांत शेवटच्या विसांना हात ऐकत नाही. त्या दिवशी शेवटी सलीमचा होता, एवढंच.

चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात बघून सांगत आलो, साहेब, कोपर हलतंय, साहेब, मूठ आवळू नका. स्वतःचा दिसला नाही. दिसला होता. थंडी म्हणत होतो.

१३, शनि.
काही लिहवत नाही. ओळी वर वर जातायत. आधीच सहावीपर्यंतचं अक्षर.

१४ नोव्हें., रवि.
दिवसभर डोक्यात तेच.

भाटियांना खरं सांगायचं म्हणजे सांगायचं की माझा हात गेला. मग ते मला ठेवतील कशाला? टिपा बसवायच्या, टेबलाच्या कापडाला इस्त्री करायची, मुलांना शिकवायचं, सगळं हाताचंच काम. घरी कळलं की सून जिन्यावरून एकटं उतरू देणार नाही. वाईट नाही ती, काळजीपोटीच करेल. पण मग मी चौथ्या मजल्यावर बसून समोरच्या रिकाम्या टॉवरला किती काचा बसल्या ते बघायचं. खाली ओळखीचं कोणी नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरात निदान दारात बसलं की चार माणसं बोलायची.

नाही सांगितलं तर सलीमचा माल खराबच. आणि दिल्लीत जे चार-पाच नवे पार्लरवाले आहेत ते एकमेकांना विचारून घेतात. भाटियांनी दोघांना सांगितलंसुद्धा, "हमारे अंकल ने टेस्ट किया है." म्हणजे माझ्याच नावावर.

मधला मार्ग काढला: हवा दमट होती म्हणेन, परत टेस्ट करू म्हणेन.

१५ नोव्हें., सोम.
मधला मार्ग निघाला नाही.

मी म्हणालो, "भाटिया साहब, उस दिन मौसम में सीलन थी." ते म्हणाले, "सीलन तो तीनों के लिए थी ना." बरोबरच आहे. कपड्याचा माणूस, पण बुद्धी आहे. मग म्हणाले, "चलो, अभी मारो, मेरे सामने. बीस-बीस."
मी म्हणालो, आज पाठ दुखतेय.
"कोई नहीं. ऑर्डर गुरुवार को जाएगा. तब तक बता देना."

खोटं बोललो की पाठ खरंच दुखायला लागते.

१६ नोव्हें., मंगळ.
उत्तमनगरला गेलो. बस मिळाली नाही, शेअर ऑटोने. गल्ली विचारत विचारत. सलीमच्या गच्चीवर पत्र्याखाली फळ्या मांडलेल्या, त्यावर ठोंबे सावलीत वाळत घातलेले. त्याची मुलगी रेशमा खल घेऊन काहीतरी कुटत होती. तोंडाला ओढणी बांधलेली, भुवया हिरव्या.

काय कुटतेय विचारलं. सलीम म्हणाला, "जुना माल. सगळा फोडला. तुम्ही अकरा म्हणालात, म्हणजे पकड कमी होती. आता गारेच्या दगडाची पूड दुप्पट घातली. बघा तरी." मोठ्या उत्साहाने ठोंबा हातात दिला.

नखावर घासला. नखावर ओरखडा. हा चॉक टिपा खाऊन टाकेल, आठवड्यात चामडं संपेल. कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही.

मी म्हणालो, "पहिलाच बरा होता."
"पहिला? पहिल्याने तर वाट लावली."
"पहिल्याने नाही."

मग सांगितलं. क्रम, साठ फटके, गिलसाहेब, उलटा क्रम, सगळं. सांगताना जमिनीकडे बघत होतो. रेशमाचा खल थांबला.

सलीमने माझ्या हातातला ठोंबा काढून घेतला. मग, "दोन पोती माल फोडला, दत्तूभाऊ."
"माहीत नव्हतं रे."
"तेव्हा नव्हतं. शुक्रवारी कळलं ना? आज मंगळवार. काल दिवसभर या पोरीने कुटलंय."



रेशमा म्हणाली, "चाचा, मग आता भाटिया अंकलला सांगा ना. सिंपल है." सलीम तिच्यावर ओरडला, "तू गप. त्यांचं त्यांना ठरवू दे." मग मला, जरा हळू: "मी सांगा म्हणणार नाही. क्यू धरायला तुम्ही शिकवलंत मला. तुम्हाला घरी बसवणारा मी होणार नाही. पण नका सांगू, असंही म्हणणार नाही. घर चालवायचंय."

निघताना ऑटोपर्यंत सोडायला आला. माझा दंड धरला होता. हात थरथरतोय हे त्याला दंडातून कळत असणार. ऑटोवाल्याला म्हणाला, "चाचा को आराम से ले जाना." पंचवीस वर्षांत कधी असं बोलला नव्हता.

१७ नोव्हें., बुध.
सकाळी सुनेला सांगितलं. ठरवलं नव्हतं, ती मेथी निवडत होती, मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. तिने मेथी बाजूला ठेवली. "बाबा, आम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत होतो." शनिवारी डॉक्टरची वेळ घेतली. पार्लरचं काय, विचारलं. "ते नंतर बघू." नंतर म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

विजय संध्याकाळी मानेसरहून, कामावरून, आला, बूट न काढता माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "बाबा, आज टीव्हीवर मॅच आहे." बघितली. कोण जिंकलं आठवत नाही.

१८ नोव्हें., गुरु.
पार्लरमधूनच लिहितोय. मुलं अजून आली नाहीत.

भाटिया डीलरला फोन लावणार होते. मी म्हणालो, "आधी एक ऐका. गिलसाहेब येतील तेव्हा त्यांना मारू द्या. तीनही चॉक. प्रत्येक वीस झाले की चहा पिऊ द्या." हिंदीत सांगितलं.

"गिल साहब क्यों? आप किस लिए हो अंकल जी?"

मी सलीमचा ठोंबा उचलला, क्यू घेतला आणि मोठ्या टेबलावर त्यांच्यासमोर मारत सुटलो. न थांबता. पहिले पाच नीट. आठव्याला घसरली. मग निळा घेतला, त्यालाही घसरली. हिरवा. परत निळा. एका फटक्याला क्यू कापडाला लागता लागता राहिला. भाटिया आधी चॉककडे बघत होते. मग बघेनासे झाले, माझ्या मनगटाकडे बघू लागले. मी थांबलो तेव्हा तेच म्हणाले, "बस. बस करो, बैठ जाओ."

मी म्हणालो, "सलीम का माल अच्छा है. ख़राब मैंने बताया था."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. डीलरला फोन केला नाही, सलीमलाही नाही. पाणी दिलं. विचारलं, "कब से है ये?" सांगितलं. "और टिप कौन लगा रहा था इतने दिन?" मीच, म्हणालो. ते पाचही टेबलांवरच्या क्यूंच्या टिपा एकेक करून बोटाने चाचपायला लागले. कधी असं केलं नव्हतं त्यांनी. काय शोधायचं ते त्यांना कळत नाही, तरी चाचपतायत.

चौथ्या टेबलापाशी आहेत. गिलसाहेब जिना चढतायत, खोकला ऐकू येतोय.