ब्रॅकन धातू घालत नाही

प्रिय हट्टी डॅरिन,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज बघतोस आणि न बघितल्यासारखं करतोस. म्हणून शेवटी कागद घेतला. हे पत्र जोलीनच्या हाती देते आहे. तू ते वाचून संपवेपर्यंत टीव्हीचा रिमोट ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवणार आहे, तसं तिनं मला कबूल केलंय. तेव्हा बायकोवर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर चीड, तसाही आठवडाभर तेच करतो आहेस.

आज शनिवार, दुपारचे दोन वाजलेत. एरवी ह्या वेळी तुम्ही तिघं माझ्या तळघरात असता. ड्वेन बूट न झाडता पायऱ्यांवर बर्फ सांडत येतो, मेलिंडा त्याच्या नावानं ओरडते, आणि तू सगळ्यात आधी चीजच्या वाडग्यावर हात मारतोस. आज मी खेळ रद्द केला: माझी गोष्ट नाही, त्यातली तुमची पात्रं नाहीत, फासे नाहीत. घर तापवणारी भट्टी बंद पडलीय असं दोघांना सांगितलं. भट्टी व्यवस्थित चालू आहे.

गेल्या शनिवारी तू फासे पिशवीत कोंबून निघून गेलास, त्यानंतर मेलिंडा मला म्हणाली, "कर्स्टन, तू आज खेळ चालवत नव्हतीस, भावाला बडवत होतीस." ड्वेननं मान डोलावली. मी त्यांना म्हटलं, नियम म्हणजे नियम. पण तुला खरं सांगायला हवं. त्या दिवशी बारा वाजता जोलीनचा फोन आला होता. तू हॉस्पिटलला कळवून गुरुवारची तारीख रद्द केलीस, हृदयाचं ते यंत्र छातीत बसवून घेणार नाही म्हणालास, आणि घरी येऊन गॅरेज झाडायला लागलास. जोलीन फोनवर रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणत होती, "गॅरेज झाडतोय गं तो. फेब्रुवारीच्या बर्फात."

आणि दोन तासांनी तू हसत हसत जिना उतरून आलास, वाडग्यात हात घातलास, आणि म्हणालास, "चला, पूल ओलांडू या."

मग मी काय केलं ते तू पाहिलंस. बुटक्या लोहारांच्या पेटीत मी ते कड्यांचं चिलखत ठेवलं. माझ्या कागदांवर ते नव्हतंच. तिथल्या तिथे बनवलं मी ते. अंगाला कापडासारखं बसणारं, आवाज न करणारं, अगदी खेळातल्या तुझ्या ब्रॅकनच्या मापाचं. ड्वेनला वाटलं त्याच्या सरदारासाठी आहे, तर मी म्हटलं, नाही, तुला लहान होतं. मेलिंडाकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना कळलं ते कुणासाठी आहे. आणि तू खुर्चीत मागे रेलून म्हणालास, "छान आहे. पण ब्रॅकन ड्रुइड आहे, आणि ड्रुइड धातू घालत नाही."

ड्वेननं विचारलं, "पण घातलं तर होतं काय? फुटतो का तो?" नियमांच्या पुस्तकात ते लिहिलेलंच नाही. जुन्या पुस्तकात होतं की दिवसभर मंत्र चालत नाहीत. नव्यात नुसतं एवढंच की जंगलाचे हे पुजारी धातूचं चिलखत घालत नाहीत. मी म्हटलं, काहीही होत नाही. मी खेळ चालवते, मी सांगते, काहीही होणार नाही, घाल. माझा आवाज चढला होता. तू म्हणालास, "वही काढ."

वही काढली. तुला माहीत होतं काय निघणार. सव्वीस वर्षांपूर्वीचं माझं गोल गोल अक्षर, पहिल्याच पानावर: ड्रुइड धातू घालत नाही. आता वाद नको.

तेव्हा वाद कुणी घातला होता, आठवतं का रे? तूच. तू सतरा वर्षांचा होतास, मी एकवीसची. तुला अस्वलाचं रूपही हवं होतं, वीज पाडायचे मंत्रही हवे होते आणि वरून सरदाराचं डोक्यापासून पायापर्यंतचं पोलादही हवं होतं. आईच्या स्वयंपाकघरात दोन तास भांडलास. सूप गार झालं तरी उठेनास. मी नाही म्हणाले, तर म्हणालास, "का नाही? एक तरी कारण दे." माझ्याकडे कारण नव्हतं. मी बनवलं. म्हटलं, लोखंड म्हणजे जमिनीच्या पोटातून ओरबाडून काढलेलं हाड आहे, ते जो अंगावर घालतो त्याच्याशी झाडं बोलत नाहीत. मग तुझ्या कागदावरचं पोलाद खोडलंस आणि तिथे 'चामडं' लिहिलंस. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा जिंकू दिलंस. ते आता असं महागात पडेल हे मला काय माहीत!

दुसऱ्या वर्षी तू ट्रेलरच्या कारखान्यात वेल्डिंगला लागलास. तेव्हापासून तुझी एकच कॅसेट: "दिवसभर लोखंडच खातो, शनिवारी तरी मला झाडात राहू दे." मी तुला किती गोष्टी देऊन बघितल्या. भुंग्याच्या पाठीची ढाल दिली, अजगराच्या कातडीचा कोट दिला, दगडासारख्या लाकडाचं छातीवरचं कवच दिलं. एकदा तर मेलेल्या ड्रॅगनचे खवले तुझ्या पुढ्यात टाकले. "ह्यात धातू आहे का? ड्रॅगननं गिळलेली नाणी मुरली असतील." तासभर ह्यावर चर्चा! मेलिंडानं मधेच विणकाम काढलं. मी तेव्हा वैतागले होते, पण तो गोड वैताग होता. घरातल्या माणसाचा हट्ट आपल्याला पाठ असतो, तसा.

आताचा तसा नाही.

त्या तरुण डॉक्टरनं ते यंत्र टेबलावर ठेवलं, बिस्किटाएवढं, आणि तू त्याला म्हणालास, "माफ करा डॉक्टर, मी ड्रुइड आहे." जोलीन सांगत होती, त्या बिचाऱ्यानं खरंच विचारलं की ही धर्माची अडचण आहे का, आणि फायलीत लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पाद्रीबाईंचा तुला फोन! तू त्यांच्याशी वीस मिनिटं ओकच्या झाडांवर बोललास. हे ऐकून मी हसले, डॅरिन. मोठ्यानं हसले, आणि मग फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिले. कारण ते वाक्य माझं होतं. माझ्या अक्षरातलं. भाऊ ते घेऊन हृदयाच्या डॉक्टरसमोर उभा होता.

बाबांच्या अंगावर तरी काय होतं त्या दिवशी? गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या त्या खोपटात मोडकी खुर्ची, हातात कॉफी, लोकरी टोपी. सेहेचाळीस वर्षांचे होते. शेजारच्या खोपटातला माणूस मासा दाखवायला आला तेव्हा बाबा संपले होते, कॉफी अजून गरम होती. तेव्हा कुणाला माहीत होतं की काहींच्या हृदयाची भिंत जाड असते आणि ती बापाकडून पोरांकडे येते! त्यांना कुणी काही घालायला दिलंच नाही. तुला देतात. नोव्हेंबरमध्ये तू कारखान्यात कोसळलास, तर दोन माणसं शेजारी होती म्हणून वाचलास. मशीन काय आहे ते मला डॉक्टरनं नीट समजावलंय: गाडी नीट चालली तर ते नुसतं पडून राहतं, गाडी थांबली तर एक लाथ घालतं. इतकंच. आत बसलेलं एक शहाणं खेचर.

आणि ड्वेनचं म्हणणं काय, तर यंत्र टायटॅनियमचं आहे आणि त्याचं नाव पुस्तकात कुठेच नाही, तेव्हा तो धातू मोजायचा की नाही हे खेळ चालवणारीनं ठरवावं! बिचारा तो तुला पळवाट काढून देत होता. तू तीही घेतली नाहीस.

कारण अडचण धातूची नाहीच. हे कळायला मला इतके दिवस लागले, म्हणून स्वतःचाच राग येतो. छातीत ते बसवलं की तुला वेल्डिंगच्या जवळ उभं राहू देणार नाहीत. मोठ्या करंटजवळ यंत्र गोंधळतं. म्हणजे तो मुखवटा, ते हातमोजे, ती निळी ठिणगी, पंचवीस वर्षांचा हात, सगळं संपलं. कारखाना तुला ऑफिसात बसवेल, पावत्या फाडायला. तू हे कुणालाच बोलला नाहीस. जोलीनला नाही, मला नाही. ड्रुइडचा विनोद केलास. विनोद ऐकून माणसं हसतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. वरून लोखंडाला शिव्या घालत राहिलास, आणि सोडवत मात्र तेच नाही. अरे, मला सांगायचं होतंस. मी काय उपाय केला असता माहीत नाही, पण निदान तुझ्या शेजारी बसून कारखान्याला शिव्या घातल्या असत्या.

आता कबुली. पुठ्ठ्याच्या पडद्याआड मी जो वीस बाजूंचा फासा टाकला, पुलावर ब्रॅकनवर सुटलेल्या बाणाचा, त्यावर चार आले होते. चार. तुझ्या जुन्या चामड्याला ओरखडासुद्धा उठला नसता. मी एकोणीस सांगितले. सव्वीस वर्षांत कधीही फाशाबद्दल खोटं बोलले नाही, तुम्हाला वाचवायलासुद्धा नाही, आणि गेल्या शनिवारी तुझ्याविरुद्ध बोलले. ब्रॅकन पुलावर आडवा झाला, त्याचे प्राणाचे गुण शून्यावर आले, आणि मी काय म्हणाले? "चिलखत असतं तर वाचला असता." तुझा चेहरा पडला. मला तो पाडायचाच होता. मेलिंडा म्हणाली, "एकदा तरी टाळू दे त्याला," आणि मी तिच्यावरही खेकसले. तू उठलास तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता तरी घाबरेल. असल्या बुद्धीची बहीण आहे तुझी.

तेव्हा खेळ चालवणारी म्हणून माझा निर्णय असा: बाण चुकला. ब्रॅकन उभा आहे. पेटीतलं ते चिलखत मी परत घेतलं, ते कधी नव्हतंच. आणि वहीतला नियम जसाच्या तसा राहील. त्याला नाही घालायचं तर कधीच नाही घातलं तरी चालेल, झाडं त्याच्याशी बोलत राहू देत, मी पुन्हा एका शब्दानं आग्रह करणार नाही. ब्रॅकनला नको. तू घाल. तू ड्रुइड नाहीस रे. तुझ्यावर चाल करून येणाऱ्याचे फासे माझ्या हातात नाहीत, चार आले की एकोणीस हे मला दिसतसुद्धा नाही, आणि तू खाली पडलास तर मला "बाण चुकला" असं म्हणता येणार नाही.

हे सगळं तुला आज, घाईनं का लिहिते आहे ते आता सांगते. तुझ्या तपासणीनंतर डॉक्टरांनी बहिणीलाही बोलावलं होतं, आठवतं? मी तुला सांगितलं, "गेले होते, ठीक आहे." ठीक नव्हतं. माझीही भिंत तशीच आहे. दोन महिने मी तारीख पुढे ढकलत होते, कारण छातीत हे यंत्र असलेल्या माणसाच्या हाती शाळेची बस देत नाहीत. एकोणीस वर्षं चालवलेली बस. म्हणजे तुझ्यावर ओरडत होते तेव्हा मी तुझ्याइतकीच उघडी बसले होते, फक्त पडद्याआड. सोमवारी हॉस्पिटलला फोन केला आणि तू सोडलेली गुरुवारची जागा मागून घेतली. नर्सनं विचारलं, "तेच आडनाव?" मी म्हटलं, हो, माझा धाकटा भाऊ. परवा बसवलं. दुखतंय, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, आणि काल सकाळी पहिल्यांदा बस माझ्याशिवाय जाताना ऐकली. दुसरं कुणी तरी चालवत होतं, वळणावर गिअर चुकीचा टाकला, मला खिडकीतून ऐकू आलं. खूप रडले. म्हणजे तुझी ठिणगी सुटण्याचं दुःख लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण हे लिहायला मी इथे आहे. पुढच्या गुरुवारची जागा त्या नर्सनं तुझ्या नावानं पेन्सिलीनं धरून ठेवलीय, मंगळवारपर्यंत. फोन कर. मला गाडी चालवायला बंदी आहे, तेव्हा मला घ्यायला तूच ये, आणि मग दोघं मिळून जाऊ. मला एकटीला हे घालून बसवू नकोस.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरीही तुझीच,
कर्स्टन